झोपेतला कौल

एबरवाइन घराण्यात लग्न ठरवायची रीत जगावेगळी होती. बाकीचे लोक मुलीला विचारतच नसत. एबरवाइन विचारत, पण ती झोपलेली असताना.

ही रीत घालून दिली थोरल्या डॉक्टर गॉटवाल्ट एबरवाइननी. माणूस जागेपणी बोलतो ती त्याची नुसती इच्छा, आणि अंगावरून हात फिरवून आणलेल्या चुंबकाच्या झोपेत बोलतो ते सत्य, असं त्यांचं मत होतं. आणि डॉक्टरांचं मत म्हणजे घरात काळ्या दगडावरची रेघ. त्यांची मुलगी आडेलगुंड, घरात जिला सगळे गुंडेल म्हणत, अठराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली पहिल्यांदा झोपली आणि झोपेत बोलली. तेव्हापासून नेकार नदीकाठच्या त्या घरात द्राक्षमळा विकावा की ठेवावा, धाकट्याला शिकायला कुठे पाठवावं, सगळं तिला झोपवून विचारलं जाई. थोरल्या भावाचं, लेबरेश्टचं, रोझीनेशी लग्नही तिच्याच कौलावर झालं होतं. नवराबायकोचं भांडण झालं की रोझीने आजही नवऱ्याला सोडून नणंदेकडे रागाने बघायची.

डॉक्टर गेले आणि झोपवायचं काम लेबरेश्टकडे आलं. बाहेरच्या खोलीत वडिलांचं ओकचं पिंप होतं. त्यात चुंबकवलेल्या पाण्याच्या बाटल्या, लोखंडाचा कीस, काचेचा चुरा, आणि झाकणातून बाहेर आलेल्या वाकड्या लोखंडी सळया. आजारी माणसं पिंपाभोवती बसून सळई आपापल्या दुखऱ्या जागी लावत, आणि लेबरेश्ट जांभळा रेशमी झगा घालून त्यांच्यावरून हात फिरवत जाई. बोटांतून ऊब वाहते, असं वडील सांगायचे. लेबरेश्टला आयुष्यात ऊब लागली ती गरम दारू प्यायल्यावर. गावाने मोठ्या विश्वासाने चौकातलं नासपतीचं झाड त्याच्याकडून चुंबकवून घेतलं, तर ते त्याच वर्षी वाळलं. हात दाखवून अवलक्षण! पण लोक म्हणाले, जोर जरा जास्तच झाला. आणि त्या हिवाळ्यात पिंपाभोवती बसायला जागा पुरेना. आपल्या धंद्यात अपयशही फुकट जात नाही, एवढं एकच ज्ञान त्याने स्वतः मिळवलेलं होतं. बाकीचं वडिलोपार्जित.

आणि आता गुंडेललाच मागणी आली होती. फिडेल हेट्टिश नावाचा विधुर, श्वार्त्सवाल्डच्या डोंगरातला. लाकडी घड्याळं पाठीवर बांधून गावोगाव विकता विकता त्याचा उजवा खांदा आखडला होता. पिंपाशी बसून तो सुटला. मग डावा दुखू लागला. तोही सुटला. मग तो नुसताच येऊन बसू लागला, आणि एक दिवस चांगला कोट घालून लेबरेश्टपुढे उभा राहिला. लेबरेश्टला वाटलं, आता याचा गुडघा.

ऑक्टोबरात डॉक्टरांच्या स्मृतिदिनाला सगळे जमत. नवी, अजून फसफसणारी दारू आणि कांद्याचा केक असा दरसालचा बेत असे. यंदा त्यात हा विषय.

"कॅथलिक आहे तो," एफ्राइममामा म्हणाले आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा ओढला. मामा निवृत्त प्रॉटेस्टंट पाद्री. चुंबकविद्या हे सैतानाचं काम आहे असं त्यांनी जन्मभर चर्चमध्ये सांगितलं, आणि पायाची सूज वाढली की मागच्या दाराने येऊन गुंडेलला विचारलं.

"अहो मामा, घड्याळं विकतो तो. घड्याळाला कुठला आलाय पंथ?" हा ट्राउगॉट, धाकटा भाऊ, स्टुटगार्टहून आलेला. "जाऊ दे की तिला. आपल्यालाही आता नव्या मार्गाने जायला हवं."

"घड्याळाला नसेल. मुलांना असतो."

"गुंडेल अठ्ठेचाळीसची आहे, मामा," रोझीने म्हणाली. "मुलांचं सोडा, पिंपाचं बोला. काय दुखतंय आणि का दुखतंय हे ती झोपेत सांगते म्हणून लोक आपल्या दारात येतात. हा काय करतो? हात हलवतो. हात मीही हलवते, पीठ मळताना."

लेबरेश्टने मान डोलावली. बायकोचं म्हणणं बरोबर होतं, आणि विरोध करणं म्हणजे आणखी ऐकून घेणं.

दार उघडलं, गुंडेल कॉफीचे पेले घेऊन आली. लगेच सगळे यंदाच्या द्राक्षांवर बोलू लागले. पेले मांडून ती गेली, तशी द्राक्षं संपली.

"बरं, मग हे बघा," ट्राउगॉट म्हणाला आणि त्याने अक्रोडाच्या लाकडाची एक पेटी टेबलावर ठेवली. आत घोड्याच्या नालाच्या आकाराचं चुंबक, त्यापुढे तांब्याच्या तारेची दोन रिळं, बाजूला फिरवायचा दांडा आणि वायरीला लावलेल्या दोन पितळी मुठी. "याला म्हणतात चुंबक. मुठी धरायच्या, दांडा फिरवायचा. विश्वास ठेवा की नका ठेवू, झटका बसतोच."

"विश्वास न ठेवता?" लेबरेश्टने विचारलं. त्याला मनापासून हेवा वाटला.

"वहिनी, तुझा अर्धा चेहरा ठणकतो ना? धर."

रोझीनेने मुठी धरल्या. ट्राउगॉटने दांडा फिरवला. ती "आई गं!" म्हणून अशी किंचाळली की मामांच्या हातातला केक मांडीवर पडला. मग तिने गालाला हात लावला, दुसऱ्या गालाला लावला, आणि पुन्हा पहिल्या.

"थांबलं," ती म्हणाली. "अगं बाई, ठणका थांबला!" आणि क्षणभराने, अगदी मायेने: "द्या हो गुंडेलचं लग्न करून. फार केलं पोरीने या घरासाठी."

रोझीनेचं मत बदलायला एक झटका पुरला. लेबरेश्टला ते इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही जमलं नव्हतं.

पण ट्राउगॉट आता वहिनीच्या गालाकडे टक लावून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर नवाच प्रकाश पडला होता. "थांबा," तो म्हणाला. "नुसती पेटी कोण घेतो? पण एबरवाइनांच्या गुंडेलने झोपेत सांगितलं की तुला पेटीच लागेल, तर? सबंध वुर्टेम्बर्ग रांग लावेल. ती जाऊन कसं चालेल?"

"आत्ता तर जाऊ दे म्हणत होतास!"

"तेव्हा तू मुठी धरल्या नव्हत्यास, वहिनी."

मग चांगलीच जुंपली. रोझीने लग्नाच्या बाजूची झाली, ट्राउगॉट विरुद्ध गेला, आणि मामा विरुद्धच होते पण ट्राउगॉटच्या बाजूला बसायला तयार नव्हते. लेबरेश्टला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. बहीण गेली तर उद्या पिंपाशी आपण एक झगा घातलेला म्हातारा उरतो, हे त्याला दिसत होतं. आणि ती राहिली तर आपल्यामुळे राहिली, हेही.

शेवटी मामांनीच टेबलावर हात आपटला. "भांडता कशाला? झोपवा आणि विचारा तिला. सैतानाचं काम आहे, पण घरचं आहे. फक्त या वेळी ती खरंच झोपली आहे की नाही ते आधी तपासायचं. गेल्या खेपेला तिने मला मीठ सोडायला सांगितलं. सोडलं. पाय होता त्याच्या दुप्पट झाला."

"पेटी आहेच की!" ट्राउगॉट उठलाच. "चुंबकाच्या झोपेत वेदना कळत नाही. मुठी तिच्या हातात देतो, दांडा जोरात फिरवतो. हलली नाही तर झोप खरी, आणि मग जे बोलेल ते सगळ्यांनी मानायचं. कबूल?"

रोझीने कबूल झाली. मामा कबूल झाले. गुंडेल कॉफीचं भांडं घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं हे उघड होतं, कारण भांडं तिने तिथेच जमिनीवर ठेवलं, ॲप्रनला हात पुसले, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पिंपाशेजारच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसली. सगळे मागोमाग आले. लेबरेश्टने झगा चढवला. झग्याचा एक बंद तुटलेला होता; शिवायचं गुंडेलला सांगायचं राहिलं होतं.

तो तिच्यासमोर उभा राहिला, आणि त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. दोन्ही अंगठे तिने मुठीत घेतले होते.

एकदा स्टुटगार्टचे एक बडे डॉक्टर तिची झोप तपासायला आले होते. त्यांनी तिच्या अंगठ्याच्या नखाखाली टाचणी घातली. ती हलली नाही. ती गोष्ट लेबरेश्टने किती खाणावळींत किती जणांना सांगितली होती! त्या वेळी तो तिच्या अंगठ्याकडे बघतच नव्हता, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्यानंतर बरेच दिवस ती पीठ मुठीने मळायची. का, हे त्याने विचारलं नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. ठाऊक असलेलं न विचारणं हाच त्याचा खरा व्यवसाय होता. हात फिरवणं जोडधंदा. आज त्याला स्वतःची शरम वाटली. साधी, कुठेतरी जाऊन तोंड लपवावं अशी शरम.

त्याने हात फिरवायला सुरुवात केली. कपाळावरून खांद्याकडे, खांद्यावरून बोटांकडे. गुंडेलच्या पापण्या मिटल्या. ट्राउगॉट पितळी मुठी घेऊन पुढे झाला.

आणि तेव्हा एबरवाइन घराण्याचा थोरला वारस, पंचावन्न वर्षांचा, वजनाने भारदस्त, स्वतःभोवती एक गिरकी घेऊन रुग्णांच्या बाकावर धाडकन कोसळला. जाता जाता त्याचं डोकं पिंपाच्या सळईवर आपटलं आणि सळया भांड्यांच्या दुकानासारख्या वाजल्या. हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. ठरवलं असतं तर बाकाच्या जरा मधोमध पडला असता.

डोळे मिटून घेतल्यामुळे पुढचं त्याने फक्त ऐकलं. रोझीनेची किंकाळी. मामांचं "देवा!" मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि गुंडेल, अगदी शांत:

"कुणी हात लावू नका. प्रवाह उलटला. माझ्या जागी तो झोपला."

"असं होतं?" मामांनी विचारलं.

"बाबा सांगायचे," गुंडेल म्हणाली. बाबांनी असलं काहीही कधी सांगितलं नव्हतं.

तिने त्याचं डोकं धरून भिंतीला टेकवलं, आणि तेवढ्यात कानाशी कुजबुजली, "थुंकी गिळू नकोस. गळा हलतो."

इतक्या वर्षांत न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला असं मिळालं. निदान पहिल्या दिवशी, बाबांच्या हाताखाली, ती खरंच झोपली होती का? तेही विचारावंसं वाटलं. पण तोंडात नेमकी थुंकी भरून आली होती, आणि ती गिळायची नव्हती.

"लेबरेश्ट झोपलाय का?" गुंडेलने मोठ्याने विचारलं. झोपलेला माणूस स्वतःबद्दल परक्यासारखं बोलतो, हे घरात पोराबाळांनाही माहीत होतं.

"झोपलाय," लेबरेश्ट घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"त्याला स्वतःच्या आत काय दिसतं?"

तो अडला. गुंडेलला अशा वेळी यकृत दिसायचं, प्लीहा दिसायची. "कांदा," तो म्हणाला. "जरा जास्त झालाय."

"तिसरा तुकडा घेऊ नको म्हणून सांगत होते मी," रोझीने हळूच म्हणाली.

"आणि त्याच्या हातांत काय दिसतं?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. बहीण आपल्याला सांभाळून घेते आहे की उट्टं काढते आहे? बहिणी दोन्ही एकदम करू शकतात.

"हातांत काही नाही," तो म्हणाला, आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबवेना. "कधीच नव्हतं. लेबरेश्ट हात फिरवतो तेव्हा संध्याकाळी जेवायला काय आहे याचा विचार करत असतो. चौकातलं झाड त्याने मारलं नाही. ते आतून किडलेलं होतं, आणि ते त्याला माहीत होतं. जोर जास्त झाला असं लोक म्हणाले तेव्हा तो गप्प बसला. लेबरेश्ट गाढव आहे, पण झग्यातलं."

मग मामांचा विजयी आवाज घुमला. "ऐकलंत? हेच मी जन्मभर सांगत आलो! यात काही नाही! शून्य!"

"पण मामा," ट्राउगॉट म्हणाला, "हे तो झोपेत बोलतोय. झोप खरी असेल तर चुंबकविद्या खरी. आणि झोप खोटी असेल तर तो थापा मारतोय, म्हणजे हात खरे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी मामांची गत झाली असावी. "मग आधी झोप तपासा!" ते शेवटी गरजले.

पितळी मुठी थंडगार होत्या. ट्राउगॉटने दांडा फिरवला, आणि लेबरेश्टच्या मनगटापासून खांद्यापर्यंत लाल मुंग्यांचं वारूळ फुटलं. त्याला बोंब मारायची होती. आई, बाप आणि पेटीचा शोध लावणारा, सगळ्यांच्या नावाने. त्याचा उजवा पाय आपोआप उचलला जाऊ लागला, आणि तेवढ्यात त्यावर गुंडेलच्या बुटाची टाच येऊन घट्ट बसली. ट्राउगॉटला चेव आला, तो आणखी जोरात फिरवू लागला. गळा हलता कामा नये, पापण्या फडफडता कामा नयेत, श्वास एकसारखा हवा. आणि हे सगळं सांभाळून गुंडेल लोकांना शहाणपणाचे चार शब्द सांगायची, आणि मग उठून सूप करायला जायची. ती हे करत होती आणि नमस्कार आपण घेत होतो. ते कळायला त्याला इतकी वर्षं आणि एवढी मोठी पेटी लागली.

"पुरे," गुंडेल म्हणाली, आणि ट्राउगॉट थांबला.

"झोपलाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज पार उतरला होता. "खरंच झोपलाय. विचार त्याला. तो सांगेल ते आता मानायला हवं."

गुंडेलने त्याच्या पायावरची टाच काढली. मग म्हणाली, "गुंडेलचं काय करावं?"

याचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. 'तिचं लग्न करून द्या.' पेटीचे झटके सोसताना तो तेच मनात घोळवत होता, आणि आपल्या थोरपणावर जरा खूशही झाला होता. पण तिने ज्या आवाजात विचारलं तो ऐकला आणि ते वाक्य त्याने सोडून दिलं. हेही तसलंच झालं असतं; तिच्याबद्दल, तिला न विचारता, डोळे मिटून दिलेलं आणखी एक उत्तर. फिडेल तिला आवडतो हे त्याला कुणी सांगितलं होतं? फिडेलने. आणखी कुणी? कुणीच नाही.

"लेबरेश्टला माहीत नाही," तो म्हणाला. "त्याने कधी विचारलंच नाही. ते गुंडेलला विचारा. जागी असताना. ती म्हणेल तसं करा."

"जागी असताना?" रोझीने म्हणाली. "असं कसं? मग ती तिला हवं तेच सांगेल की!"

"कौल आहे, वहिनी," ट्राउगॉट नाराजीने म्हणाला. "मानायचं ठरलंय."

मामा खाकरले. पुन्हा खाकरले. चर्चमध्ये हजार माणसांपुढे न अडखळणारा माणूस एका भाचीपुढे शब्द शोधत होता. "आडेलगुंड," ते म्हणाले, "तुला... म्हणजे तुझं स्वतःचं... काय हवंय तुला, बाळ?"

लेबरेश्टला त्या वेळी तिचा चेहरा बघायचा होता. आयुष्यात कशासाठी झाला नसेल इतका जीव कासावीस झाला. पण डोळे उघडले की झोप खोटी, कौल खोटा, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो डोळे मिटून बसला.

"मला जायचंय," गुंडेल म्हणाली. हा आवाज झोपेतल्या गुंडेलचा नव्हता आणि कॉफी आणणाऱ्या गुंडेलचाही नव्हता. "फिडेलबरोबर. त्याने मला विचारलं होतं, लेबरेश्टकडे यायच्या आधी. मागच्या अंगणात मी कपडे वाळत घालत होते. मला कळेचना की हा माझ्याशीच बोलतोय. त्याने पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं." ती थांबली. "आणि तिकडे गेल्यावर मी कुणाला काही सांगणार नाही. कुणी येऊन म्हणालं, बाई, माझं पोट दुखतंय, तर म्हणेन, मला काय ठाऊक."

कुणीतरी नाक ओढलं. रोझीनेच असणार.

"कधी?" ट्राउगॉटने विचारलं.

"नाताळच्या आत."

लेबरेश्टला आनंद झाला. खरोखरच झाला. आणि त्याच आनंदाबरोबर त्याला नाताळ दिसला, आणि नाताळनंतरची सकाळ, आणि स्वयंपाकघरात कुणी नाही. आणि मिटलेल्या पापण्यांखालून पाणी वाहू लागलं. त्याने थोपवायचा प्रयत्न केला. झोपलेला माणूस रडत नाही, हे न शिकवताही कळत होतं.

तेवढ्यात त्याच्या डोळ्यांवर गुंडेलचा हात आला. सबंध तळवा, आडवा.

"अजून गाढ झोपलाय," ती बाकीच्यांना म्हणाली. "तुम्ही आत जा, कॉफी गार होतेय. मी बसते याच्यापाशी."

खुर्च्या सरकल्या, पावलं आत गेली, दार लागलं. त्याचं रडणं थांबेपर्यंत तिने हात काढला नाही.